कर्जतहून चालणारी मोटर

आमच्या कॉलेजच्या मशीन लॅबमध्ये खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक मोटर होती. नव्याण्णव सालच्या पावसाळ्याच्या शेवटी शेवटी ती आठवड्यातून दोनदा, दुपारच्या वेळी, कोणी हात न लावता सुरू व्हायला लागली. मी समोर स्टुलावर बसलेली असायचे. आधी टेबलावरचा मॉडेम किरकिरायचा आणि गप्प व्हायचा. थोड्या वेळाने मोटरचा आवाज हळूहळू चढत जायचा आणि तिला जोडलेल्या जनरेटरच्या लाकडी पाटीवरचे बल्ब एकेक करून लागायचे. लॅबमध्ये माझ्याशिवाय कोणी नसायचं. बल्ब लावणारी मुलगी तिकडे नगर जिल्ह्यातल्या कर्जतला, तिच्या माहेरी बसलेली असायची.

तुम्हाला यात नवल वाटणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही शाळेतले प्रयोग पडद्यावर करता आणि माझ्याशी बोलता तेही पडद्यावरच. पण आमच्याकडे तेव्हा असं काही नव्हतं, आणि ते का करावं लागलं हे तुमच्या बाबालाही अर्धंच ठाऊक आहे. म्हणून क्रमाने लिहिते.

तुमचे आजोबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तुमचा बाबा त्याच्याही आधी अमेरिकेला शिकायला गेलेला. मी इलेक्ट्रिकल विभागात शिकवत होते आणि कॉलेजच्या स्टाफ क्वार्टरमध्ये दोन खोल्यांत राहत होते. कॉलेज माळावर, चहूबाजूंना ऊस. संध्याकाळी नगरहून येणारे सगळे प्राध्यापक कॉलेजच्या बसने परत जात, आणि मग मागे उरत वॉचमन, होस्टेलची मुलं आणि मी. होस्टेलच्या मुलांना माझी भीती वाटायची, त्यामुळे ती लांबून नमस्कार करून निघून जात.

रविवारी बाबाचा फोन यायचा. तो विचारायचा, जेवलीस का. मी विचारायचे, थंडी फार आहे का. दोघांचंही उत्तर ठरलेलं, आणि त्यानंतर काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नसे. एका रविवारी तो सहज म्हणाला की त्याच्या विद्यापीठात अशी एक लॅब आहे, जिथली उपकरणं विद्यार्थी घरी बसून वेबपेजवरून चालवतात. मी त्याला इतके प्रश्न विचारले की तो हसायला लागला. पुढच्या रविवारी मी आणखी प्रश्न काढून ठेवले. खरं सांगायचं तर लॅबपेक्षा मला त्याचा तो सलग, न अडखळता बोलणारा आवाज हवा होता.

माझ्या तासांच्या नोट्स मी त्याआधीच वेबपेजच्या रूपात कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये ठेवल्या होत्या. मुलं मोकळ्या तासाला जाऊन त्या वाचत. काही सहकाऱ्यांना ते आवडलं नव्हतं. मुलं उद्या वर्गात कशाला येतील, असं ते म्हणत. तशी ती आधीही फार येत नव्हतीच.

ती मुलगी जुलैत आली. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेली, लग्न झालेली, आणि दिवस भरत आलेले. जेमतेम काही दिवस ती वर्गात बसली असेल. मग पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी कर्जतला गेली आणि ऑगस्टमध्ये बाळंत झाली. बाळ फारच कमी वजनाचं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आईने बाळापासून हलायचं नाही, अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही.

हे सगळं मला तिच्या भावाने येऊन सांगितलं. त्याची कर्जतला टायपिंग इन्स्टिट्यूट होती, आणि नव्यानेच त्याने तिथे दोन कॉम्प्युटर ठेवले होते. घर वर, क्लास खाली. तो खुर्चीवर बसायला तयार नव्हता. उभ्यानेच म्हणाला,

"मॅडम, तिच्या सासरच्यांनी सांगूनच धाडलंय. हे वर्ष निघालं तर पुढं शिक, न्हाई तर घर बघ. ती रडत न्हाई, काही न्हाई. नुसती पुस्तक उघडून बसती."

थिअरीचं काही ना काही करता आलं असतं. नोट्स मी फ्लॉपीवर देऊ शकत होते. पण प्रॅक्टिकल झाल्याशिवाय टर्म ग्रँट होत नाही, आणि टर्म ग्रँट झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मी विभागप्रमुखांकडे गेले. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग काय, बाई, मोटर पोस्टाने पाठवू या का कर्जतला?"

शेजारी बसलेले दोघं-तिघं हसले. मीही हसले. पण उठता उठता माझ्या तोंडून गेलं, "मोटर इथेच राहू द्या. फोनची तार तर कर्जतपर्यंत गेलेलीच आहे."

त्यानंतरचे रविवार फार छान गेले. बाबाने प्रोग्रॅम लिहून ईमेलने पाठवला. ती ईमेल उतरवून घ्यायला मी नगरला जाऊन आले. कॉम्प्युटरने मोटरचं व्होल्टेज हळूहळू वाढवायचं, करंट आणि स्पीड मोजायचा, आणि मशीनवर भार म्हणून ती मुलगी सांगेल तेवढे बल्ब लावायचे, एवढंच काम होतं. तरी ते जमायला तीन-चार आठवडे गेले. जोडणीला लॅबचे मामा होते. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. त्यांना हा खटाटोप पटला नव्हता. "मशीनीच्या जवळ मानूस नको म्हंजी काय," असं ते तार कापता कापता पुटपुटायचे. मी त्या मोटरभोवती जमिनीवर लाल रंगाची रेघ ओढली आणि मामांना बजावलं की जोडणी पुरी झाल्यावर माझ्या परवानगीशिवाय ह्या मशीनला कोणीही हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही.

कर्जतचा कॉम्प्युटर थेट आमच्या लॅबच्या फोनला लागायचा. पान उघडलं की वर बटणं, मध्ये रीडिंगचं टेबल, आणि अगदी खाली एक चौकोन, त्यावर मी लिहिलं होतं, 'रिमार्क्स'. फोनची लाईन कॉम्प्युटरने अडवलेली असायची, त्यामुळे बोलणं शक्य नव्हतं. जे काही सांगायचं ते त्या चौकोनात टाइप करायचं. तिकडे लिहिलेलं इकडे दिसायचं, इकडचं तिकडे. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. फिरतं मशीन माणसाशिवाय चालू ठेवायचं नाही हा माझा नियम, म्हणून मी तिथे बसून असायचे.

पहिल्या दिवशी तिने लिहिलं, "मॅडम, खरंच फिरतेय का?"

मी लिहिलं, "फिरतेय."

 मग चार बल्ब एकदम लागले आणि लगेच विझले. प्रयोगात ते कुठेच नव्हतं. मी तिला रागावले नाही.

ती बाळ झोपलं की खाली यायची. कधी लाईट गेलेली असायची, कधी फोन लागायचा नाही. कधी रीडिंग अर्धी झालेली असताना चौकोनात उमटायचं, "बाळ उठलं. काय करू?" मी लिहायचे, "मोटर बंद कर आणि वर जा. मोटर थांबेल तुझ्यासाठी." मग मी तशीच बसून राहायचे. पुन्हा बल्ब लागले की कळायचं, बाळ झोपलं. हळूहळू ती आपणहून काहीबाही लिहायला लागली. आज आईने शेपूची भाजी केली आणि मला आवडत नाही. बाळाने आज पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. क्लासमधल्या मुली विचारतात, हे कसलं टायपिंग. मी उत्तरं थोडक्यात द्यायचे. एकदा तिने विचारलं, "तुम्ही एकट्याच असता का लॅबमध्ये?" मी "हो" लिहिलं. ती म्हणाली, "मग मी उद्या पण लावू का? प्रयोग नाही, नुसती चालवते." त्या दिवशी मी खोलीवर गेले आणि नीट स्वयंपाक केला.

कॉलेजात मात्र बोलणं सुरू झालं होतं की बाई स्वतःच आत बसून प्रयोग करतात आणि त्या पोरीच्या नावावर घालतात. हे कोणी तोंडावर म्हटलं नाही. पण सहीची वेळ आली तेव्हा विभागप्रमुखांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, माझा विश्वास आहे हो, पण उद्या विद्यापीठाने विचारलं तर मी काय सांगू? मग त्यांनीच तोडगा काढला. दुसऱ्या कॉलेजातले एक ज्येष्ठ सर येतील. लॅबला कुलूप राहील, किल्ली विभागप्रमुखांकडे. आम्ही सगळे शेजारच्या खोलीत बसून, लॅबच्या कॉम्प्युटरची तार ओढून तिथे ठेवलेल्या पडद्यावर बघू, आणि मी कीबोर्डला हात लावायचा नाही. मुलीने कर्जतहून एक प्रयोग पुरा करून दाखवला, रीडिंग बरोबर आली, तर टर्म ग्रँट. नाही तर नाही.

मी कबूल केलं. दुसरा मार्गच नव्हता.

दिवस ठरला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. खंडेनवमीला आमच्या विभागात दरवर्षी मशीनची पूजा असायची. सगळी मशीन पुसून, हळदीकुंकू लावून, प्रत्येकाला झेंडूचा हार, पुढे नारळ, मग पेढे. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही. माझ्या त्या मोटरला हळदीकुंकू मीच लावलं. हार मामांनी बांधला. संध्याकाळी विभागप्रमुखांनी कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. ठरलेल्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः उभं राहून मामांकडून लॅब झाडून घेतली आणि पुन्हा कुलूप लावलं. मला आत जाऊ दिलं नाही. तेही बरोबरच होतं.

दुपारी ते ज्येष्ठ सर आले. कमी बोलणारे होते. मामांना बाहेर पॅसेजमध्ये मेन स्विचपाशी उभं केलं. आम्ही शेजारच्या खोलीत बसलो. फोन लागला, पान उघडलं, भिंतीपलीकडे मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. सरांनी खुर्ची पुढे ओढली.

पहिलं रीडिंग आलं. एकही बल्ब लागलेला नसताना मोटर जो करंट घ्यायची, तो मला पाठ होता. विभागप्रमुखांनाही पाठ होता. पडद्यावर त्याच्या दुपटीहून जास्त दिसत होता. स्पीड कमी, आणि तोही एका जागी राहीना.

"हे काय?" विभागप्रमुख माझ्याकडे न बघता म्हणाले. "दरवर्षी सगळ्यांच्या जर्नलमध्ये येतं ते वेगळं आहे."

कीबोर्डला हात लावायचा नव्हता. हात मांडीवर ठेवले होते. मला इथे तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे मुलं प्रयोगाचं जर्नल लिहिताना सीनियरचं जर्नल शेजारी ठेवायची. रीडिंग काहीही येवोत, लिहायची ती सीनियरचीच, कारण ती एकदा तपासून पास झालेली असत. हिच्याकडेही तिच्या भावाने नेऊन दिलेलं एक जुनं जर्नल होतं, कसं लिहायचं ते बघायला. म्हणजे आकडा काय यायला हवा ते तिलाही माहीत होतं. आज काय पणाला लागलंय तेही माहीत होतं. पुढे जाऊन सगळी रीडिंग पटापट उरकणं आणि जे होईल ते होईल म्हणणं, कोणीही तेच केलं असतं.

मोटरचा आवाज उतरत गेला आणि थांबला.

"लाईन तुटली वाटतं," विभागप्रमुख म्हणाले.

लाईन तुटली नव्हती. चौकोनात अक्षरं उमटायला लागली. ती हळू टाइप करायची.

"मी मोटर बंद केली आहे. करंट जास्त आहे, स्पीड हलतोय. काहीतरी घासतंय. कोणीतरी जाऊन बघा, तोपर्यंत मी चालू करणार नाही."

सर वाचत होते. थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली.

"परवा पूजा झाली असेल ना? हार काढला का?"

 सर उठले, त्यांनी विभागप्रमुखांपुढे हात केला, आणि विभागप्रमुखांनी किल्ली दिली. दार उघडलं तर आत जळलेल्या झेंडूचा वास भरून राहिला होता. लाल रेघेच्या आत सगळीकडे पिवळ्या-केशरी पाकळ्या. मोटर आणि जनरेटर जिथे जोडलेले होते तिथे हाराचा दोरा करकचून गुंडाळला गेला होता, त्यावर बसवलेल्या संरक्षक जाळीच्या आत. बाकी सगळी मशीन स्वच्छ होती.

विभागप्रमुखांनी मामांना हाक मारली. मामांनी आत येऊन बघितलं आणि माझ्याकडे वळले.

"म्याडमच म्हनल्या हुत्या, ह्या मशीनीला कुनी हात लावायचा न्हाई. म्या बाकीच्यांचे काडले."

"मग हार घातलास कसा?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"त्यो देवाचा हुता," मामा म्हणाले.

ते अबोल सर तेव्हा पहिल्यांदा हसले. मामांनी दोरा कापून काढला, सरांनी स्वतः हाताने शाफ्ट फिरवून बघितला आणि मला म्हणाले, तुम्हीच कळवा तिला. मी टाइप केलं, "हार होता. काढला. पुन्हा सुरू कर." तिने सुरुवातीपासून सगळा प्रयोग केला. मध्येच एकदा थांबली, आणि मला माहीत होतं की ती वर जाऊन आली. सरांना मी ते सांगितलं नाही.

सही करताना सर विभागप्रमुखांना म्हणाले की आकडा बरोबर यावा म्हणून काय वाटेल ते लिहिणारी पोरं मी आयुष्यभर तपासली, आकडा चुकतोय म्हणून चालतं मशीन बंद करणारी फार नाही बघितली. विभागप्रमुखांनीही सही केली. मग जाता जाता मला म्हणाले, "तुमची मुलगी हुशार आहे." त्यांना विद्यार्थिनी म्हणायचं होतं.

त्या रविवारी मी बाबाला सगळं सांगितलं. त्याचा प्रोग्रॅम होता, त्याला ऐकायचा हक्कच होता. तो खूप हसला. मग म्हणाला, "पण आई, मोटरला हार कशाला घातला होता?"

मी म्हटलं, अरे, खंडेनवमी होती.

"हो का," तो म्हणाला. "या महिन्यात असते, नाही का?" तो मुद्दाम विसरला नव्हता. तिकडे त्या दिवशी त्याला कॉलेज होतं. मी त्याला दसऱ्याचं आणखी काही सांगितलं नाही, थंडीचं विचारलं.

टर्म ग्रँट झाली. उरलेले प्रयोग संपले. शेवटच्या दिवशी तिने लिहिलं, "मॅडम, झालं सगळं." मी लिहिलं, "छान. आता अभ्यास कर." आणखी काही लिहावं असं मनात होतं, पण तोवर लाईन बंद झाली. पुढच्या आठवड्यात ऑफिसने लॅबचा फोन काढून अकाउंट्स विभागात नेला. तिथे त्याची गरज होती.

तोंडी परीक्षेला तिला स्वतः यावं लागणार होतं. मी सकाळीच बाळंतिणीसाठी म्हणून डिंकाचे लाडू डब्यात भरून घेतले आणि पॅसेजमध्ये उभी राहिले. मुलं-मुली आपापली जर्नलं छातीशी धरून घोळक्याने उभी होती. मी येणाऱ्या प्रत्येक मुलीकडे बघत होते. बऱ्याच वेळाने माझ्या अगदी शेजारी उभी असलेली एक बारीकशी, पांढऱ्या स्वेटरमधली मुलगी म्हणाली, "मॅडम, मी कर्जतची."

ती किती वेळ तिथे होती कोण जाणे. जुलैत पाहिलेला तिचा चेहरा माझ्या लक्षात राहिला नव्हता. ती मात्र मला ओळखून गप्प उभी होती.

मी म्हटलं, "कशी आहेस?"

"बरी आहे, मॅडम."

"बाळ?"

"बरं आहे."

एवढंच. चौकोनात आम्ही शेपूच्या भाजीवर बोललो होतो, पण समोरासमोर दोघींनाही काही सापडेना. मग तिचा नंबर पुकारला. तोंडी तिची चांगली झाली. बाहेर आल्यावर मी तिला ती मोटर दाखवायला नेलं. तिने लाल रेघेच्या बाहेर उभं राहून बघितली. "लहान आहे," ती म्हणाली. "मला मोठी वाटायची." मी तिला जेवून जा म्हटलं, भात लावूनच आले होते. ती ओशाळून म्हणाली की बाळाला आईपाशी ठेवलंय, दुपारची गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत ते उपाशी राहील. मी लाडवांचा डबा तिच्या पिशवीत ठेवला. ती पाया पडली आणि भावाबरोबर फाट्याकडे चालायला लागली. दोघं जोरात चालत होती, गाडी खरोखरच गाठायची होती.

ती पास झाली. सासरच्यांनी शब्द पाळला. जानेवारीत ती बाळाला घेऊन सासरी आली, तिचा नवरा जवळच्याच शुगर फॅक्टरीत वायरमन होता, आणि ती रोज कॉलेजला यायला लागली. बाळ सासू सांभाळायची. माझ्या तासाला ती मुलींच्या बाकावर, भिंतीकडे बसायची. सगळं लिहून घ्यायची. प्रश्न विचारायची नाही, इतर मुलीही विचारायच्या नाहीत. तास संपला की त्या सगळ्या एकदम उठत आणि मला वाट देण्यासाठी बाजूला होत, त्यांच्यात तीही असे.

मला हवं होतं तेच झालं होतं. तिचं वर्ष वाचलं होतं आणि ती माझ्यासमोर बसली होती. हजेरी घेताना मी तिचा रोल नंबर म्हणायचे, ती मान खाली घालून "येस मॅडम" म्हणायची, आणि मी पुढचा नंबर घ्यायचे.